हात आणि हुद्दा

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत, हे या पानांच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा कुंपणाबाहेर राहतो, 'आपण' म्हटले की आत येतो. इंग्रजीला हा भेद सर्वनामातून दाखवता येत नाही; तेथे दोहोंना मिळून एकच 'वी'. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात गेली वीस वर्षे आम्ही (प्रस्तुत लेखातला 'आम्ही' जुन्या निबंधकारांच्या वहिवाटीतला, म्हणजे एकटाच आहे) जी कार्यालयीन इंग्रजी बोलत आणि लिहीत आलो, तीत या 'वी'ने जेवढे काम केले तेवढे क्वचितच एखाद्या प्रोग्रामरने केले असेल. क्लायंटला पाठवलेल्या पत्रात 'वी विल फिक्स इट' असे लिहिले की तो 'वी' म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. तेच वाक्य सकाळच्या मीटिंगमध्ये टीमसमोर उच्चारले की त्याचा 'आपण' होतो. आणि या 'आपण'मध्येही एक गोम आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला आई 'आपण आता औषध घ्यायचं हं' असे म्हणते तेव्हा औषध एकटे मूलच घेते. टीम लीडचा 'आपण' पुष्कळदा या जातीचा असतो. 'हे आपण शुक्रवारपर्यंत संपवू' या वाक्यातल्या 'आपण'मध्ये बोलणाऱ्याचे बोट कीबोर्डला लागणार आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचा आहे. आमची गेली बारा वर्षे तोच सोडवण्यात गेली.

वाचक बहुतांशी साहित्याचे अध्यापक आणि विद्यार्थी असल्याने आमच्या धंद्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे. जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. प्रोग्राम ज्या मजकुराचा बनलेला असतो त्याला आम्ही कोड म्हणतो. त्याला 'आज्ञावली' म्हणावे असा आग्रह धरणारे स्नेही आम्हांला आहेत. शब्द चांगला आहे, पण कचेरीत कोणी 'माझी आज्ञावली अडकली' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. म्हणून येथे कोडच म्हणू. कोड यंत्रासाठी लिहितात हा समज अर्धाच खरा. यंत्राला तो कसाही लिहिलेला चालतो; नावे अर्थवाही आहेत की नाहीत, रचना सुसंगत आहे की नाही, याचे त्याला सोयरसुतक नसते. ते असते सहा महिन्यांनी अथवा सहा वर्षांनी त्यात काही बदलू पाहणाऱ्या माणसाला. आमच्या दिवसाचा मोठा भाग लिहिण्यापेक्षा इतरांचे लिहिलेले वाचण्यातच जातो. म्हणून नवा मजकूर मूळ संहितेत मिसळण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी तो वाचून त्यावर अभिप्राय द्यावा अशी पद्धत आहे. तिला कोड रिव्ह्यू म्हणतात. प्रत्येक ओळ शेवटची कोणी बदलली याची नोंदही राहते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेल्या 'गिट' या साधनात ही नोंद पाहण्याच्या आज्ञेचे नाव 'ब्लेम' आहे. त्याआधीच्या 'सबव्हर्शन'मध्ये हीच आज्ञा 'प्रेझ' या नावानेही देता येते. निंदा करा वा स्तुती, उत्तर म्हणून तेच एक नाव पुढे करणारे ते यंत्र आम्हांला नेहमीच स्थितप्रज्ञ वाटत आले आहे.

अशा ओळी लिहिण्यात जो निष्णात होतो त्याला बक्षीस म्हणून त्या लिहिण्यापासून दूर नेले जाते. हा प्रकार अध्यापकांना अपरिचित नसावा. कविता उत्तम शिकवणारा प्राध्यापक विभागप्रमुख होतो, नॅकच्या फायलींत बुडतो आणि त्याचा कवितेचा तास तासिका तत्त्वावरच्या कोणाकडे तरी जातो. शाळेत मुख्याध्यापकाच्या वाट्याला पोषण आहाराची नोंदवही येते. आमच्याकडे मात्र या स्थलांतराला पदोन्नतीपेक्षाही अधिक काही मानतात. कोड लिहिणे ही वयाची एक अवस्था समजली जाते, गोवर-कांजिण्यांसारखी. वेळेवर येऊन गेलेली बरी. पस्तिशीच्या गृहस्थाला लग्नकार्यात एखादे मामा गाठतात आणि मठ्ठ्याचा पेला हाती देता देता विचारतात, "काय रे, अजून कोडिंगच? मॅनेजर नाही का झालास?" मामांच्या स्वरात चौकशीपेक्षा काळजी अधिक असते.

मामांना दोष देण्यात अर्थ नाही. भारतातील सॉफ्टवेअर सेवा-उद्योगाचा मोठा भाग माणशी तासांच्या दरावर उभा राहिला. तळाशी नुकतेच पदवी घेऊन आलेले पुष्कळ, मध्ये थोडे, वर अगदी मोजके, अशी त्याची रचना. तिला धंद्यात पिरॅमिडच म्हणतात. या रचनेत बारा-पंधरा वर्षांच्या अनुभवी माणसाने स्वतः कोड लिहिणे हा हिशेबाच्या दृष्टीने अपव्यय ठरतो, कारण त्याच्या एकट्याच्या पगारात दोन-तीन नवी मुले बसतात आणि त्यांचे तास क्लायंटला लावता येतात. तेव्हा त्याने लिहिण्याऐवजी त्यांच्यावर देखरेख करावी हे ओघाने आले. स्वतःची उत्पादने बनवणाऱ्या कंपन्यांत दुसरी शिडीही असते. आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनिअर अशा नावांनी, माणसे न सांभाळता केवळ तांत्रिक कामाच्या बळावर वर जाता येते असे कागदोपत्री तरी ठरलेले असते. पण पुण्यात वाढलेल्या आमच्या पिढीने जी शिडी प्रथम पाहिली ती एकच होती, आणि तिच्या तिसऱ्या पायरीवर कीबोर्ड खाली ठेवायचा होता.

२०१३ साली आम्ही त्या पायरीवर आलो. आठ माणसांची टीम, विम्याच्या हप्त्यांचा आणि दाव्यांचा हिशेब करणारी प्रणाली, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा क्लायंट. या शेवटच्या तपशिलाने दिवसाचा आकारच ठरतो. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की साडेसात. म्हणजे नेतृत्वाचे काम दिवेलागणीला सुरू होते. टीमची मुले सकाळी दहा-साडेदहाला येतात, त्यांचे प्रश्न असतात. पॉल ग्रॅहम यांनी २००९ साली एका छोट्या निबंधात मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो: व्यवस्थापकाचा दिवस तासातासांच्या कप्प्यांचा असतो, आणि काही घडवणाऱ्याला मात्र निदान अर्धा दिवस सलग हवा असतो, दुपारी तीनची एक मीटिंग त्याची सगळी दुपार खाते. ज्यांनी कधी दीर्घ लेख लिहिला आहे त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. ग्रॅहम यांच्या मांडणीत मात्र ही दोन वेगळी माणसे आहेत. टीम लीडच्या अंगावर दोन्ही दिनदर्शिका एकदमच टांगलेल्या असतात.

यावर एक उपाय पन्नास वर्षांपूर्वी सुचवला गेला होता. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीचे काम सांभाळले आणि त्या अनुभवावर १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर वाढतो, हे त्यांचे निरीक्षण आता म्हणीसारखे झाले आहे. त्यामागचे गणित शालेय आहे: तीन माणसांत परस्पर संवादाच्या वाटा तीन, आठांत अठ्ठावीस, बारांत सहासष्ट. पण त्या पुस्तकातले आम्हांला अधिक मोहक वाटणारे प्रकरण दुसरे आहे. हार्लन मिल्स यांच्या कल्पनेवरून ब्रुक्स यांनी दहा जणांची एक टीम रेखाटली आणि तिला शस्त्रक्रियेच्या पथकाची उपमा दिली. मुख्य प्रोग्रामर हा शल्यविशारद. कोड तोच लिहितो. त्याच्या शेजारी सर्व काही जाणणारा एक सहायक. मग प्रशासक, संपादक, दोन सचिव, नोंदी ठेवणारा कारकून, हत्यारे घडवणारा, चाचणी घेणारा. आणि दहावा, प्रोग्रामिंगच्या भाषेतले बारकावे तोंडपाठ असलेला एक भाषापंडित. संपादक आणि भाषापंडित यांना इंजिनिअरांच्या पथकात मानाची जागा देणारा हा बहुधा एकमेव आराखडा असावा. साहित्याच्या पदवीधरांनी तो वाचून उगाच हुरळून जाऊ नये. प्रत्यक्षात ही रचना जशीच्या तशी कोठेच रुजली नाही. सचिवांची आणि कारकुनाची कामे यंत्रांनी गिळली. प्रशासक तेवढा उरला. ब्रुक्स यांच्या आराखड्यात पगारवाढ, जागा, माणसे यांविषयीचा अंतिम शब्द शल्यविशारदाचा, पण त्यासाठी त्याचा वेळ जाऊ नये म्हणून प्रशासक त्याच्या हाताखाली दिलेला आहे. आमच्या धंद्याने ती उतरंड उलटी केली आणि शल्यविशारदाला सांगितले, की तुला वर यायचे असेल तर सुरी ठेवून ये.

सुरी ठेवली तर काय बिघडते, हा प्रश्न आम्ही स्वतःला पुष्कळदा विचारला. सोय पुष्कळ होते हे उघड आहे. संध्याकाळी डोके शांत असते. टीमलाही एका परीने बरे वाटते, कारण लीडच आपल्या कामावर झडप घालील ही धास्ती राहत नाही. आमच्या ओळखीचे कित्येक उत्तम लीड एक ओळही लिहीत नाहीत, आणि त्यांची माणसे त्यांच्यावर जीव टाकतात. मग हट्ट कशासाठी?

याचे उत्तर आम्हांला डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांच्या १९८५ सालच्या एका निबंधात सापडले. नाउर यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रोग्राम म्हणजे कोडचा मजकूर नव्हेच. खरा प्रोग्राम म्हणजे तो घडवणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली एक उपपत्ती: बाहेरच्या जगातली कोणती गोष्ट आत कोठे आणि का उतरली आहे, आणि उद्या जग बदलले तर कोठे हात घालावा लागेल, याची जाण. मजकूर आणि कागदपत्रे हे तिचे अवशेष. टीम विखुरली की मजकूर शाबूत असूनही प्रोग्राम मरतो. पुढे जे चालते ते प्रेत चालवणे. संहिता आणि अर्थ यांच्या नात्यावर वर्गात तासन्तास बोलणाऱ्या वाचकांना या विचाराची झेप आमच्यापेक्षा चांगली कळेल. येथे लेखक मेल्यावर संहिता खरोखरीच अडून बसते.

याचा एक लहानसा पुरावा देतो. वार्षिक हप्ता एक हजार रुपये आहे आणि ग्राहक तो बारा महिन्यांत भरणार आहे असे समजा (आमच्या क्लायंटचे चलन डॉलर होते, पण पैशाने हिशेब सोपा होतो). एक हजाराला बाराने भागले की ८३ रुपये ३३ पैसे येतात. बारा वेळा ८३.३३ म्हणजे ९९९.९६. चार पैसे उरतात. ते कोणत्या तरी एका हप्त्यात घालावे लागतात, आणि बहुतेक प्रोग्रामर ते शेवटच्या हप्त्यात घालतात. हिशेब करताना बाकी शेवटीच हाती येते म्हणून. आमच्या टीममधल्या एका तरुण सहकारी बाईंनी ते पहिल्या हप्त्यात घातले होते. कोड बरोबर चालत होता, बेरीज हजारच येत होती, सर्व चाचण्या हिरव्या होत्या. रिव्ह्यू करताना आम्ही एवढेच विचारले, "पहिल्या का?" त्यावर त्या म्हणाल्या, की ग्राहकाने पॉलिसी मध्येच बंद केली तर शेवटचा हप्ता कधी येतच नाही, आणि मग ते चार पैसे महिनाअखेरच्या ताळमेळात कोणाच्या नावावर दाखवायचे याचा घोळ होतो. क्लायंटच्या हिशेब खात्यातल्या लोकांशी त्या आदल्या आठवड्यात बोलल्या होत्या आणि त्यांच्या तोंडून हे कळले होते. ते कोठेही लिहिलेले नव्हते. ते त्यांच्या डोक्यात होते. दोन वर्षांनी त्या नोकरी सोडून गेल्या असत्या, तर कोणीतरी सज्जन मनुष्याने 'हे पहिल्या हप्त्यात चुकून पडलेले दिसते' असे म्हणून ते शेवटच्या हप्त्यात नेऊन ठेवले असते, आणि बेरीज तेव्हाही हजारच आली असती. आम्ही त्यांना त्या ओळीच्या वर कारण लिहून ठेवायला सांगितले. त्या पुढे खरोखरीच गेल्या. टिपण अजून आहे.

या प्रसंगातला आमचा वाटा एका शब्दाचा आहे. पण तो शब्द विचारण्यासाठी कोड वाचावा लागला, आणि ८३.३७ हा आकडा अनपेक्षित जागी आला आहे हे दिसण्यासाठी तसले हिशेब पूर्वी स्वतः लिहिलेले असावे लागले. ज्याचा हात सुटतो त्याच्याकडे टीमला विचारण्यासारखा एकच प्रश्न उरतो: 'कधी होईल?' तो प्रश्नही आवश्यक आहे, संध्याकाळी क्लायंट तोच विचारणार आहे. पण दिवसभर ज्यांना केवळ 'कधी?' विचारले जाते ती माणसे हळूहळू आपल्या कामाकडे तारखांची यादी म्हणून पाहू लागतात. 'का?' विचारणारे कोणी असेल, तर तो प्रश्न येण्याच्या आधीच त्या स्वतःला तो विचारू लागतात. टीम लीडच्या तांत्रिक कामाचे मोल त्याने महिन्यात किती ओळी लिहिल्या यावर आम्ही मोजत नाही. त्याच्या तोंडी 'का?' शिल्लक आहे का, यावर मोजतो.

येथे वाचकांना संपादकाची आठवण झाली असेल. श्री. पु. भागवतांचे नाव आपण घेतो ते त्यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांसाठी तितकेसे नाही, जितके इतरांकडून लिहवून आणि पुनःपुन्हा लिहवून घेतलेल्या लेखनासाठी. राम पटवर्धनांनी 'सत्यकथे'त इतरांच्या कथांवर मेहनत घेतली, आणि 'पाडस' हा अनुवादही केला. 'पाडस' करणाऱ्या हाताला इतरांच्या वाक्यातला खडा चटकन लागत असणार. आणखी मागे गेलो तर नाथमहाराज आहेत. १५७३ साली काशीत एकनाथी भागवत पुरे केले आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. एकात स्वतःचा शब्द, दुसऱ्यात आपला शब्द बाजूला ठेवण्याचा निग्रह. आमच्यासारख्यांनी अशी नावे घेणे म्हणजे काजव्याने वंशावळ सांगणे, हे कळते; पण दोन्ही कामे एकाच हाताची असू शकतात, एवढ्यापुरता दाखला पुरे.

उपमा मात्र एका जागी मोडते, आणि नेमकी तीच जागा आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संपादक कथा साभार परत करू शकतो. लेखकाची पगारवाढ त्याच्या हाती नसते. टीम लीडच्या हाती असते. वर्षातून एकदा अप्रेझलचे दिवस येतात, आणि ज्या माणसाने मार्चमध्ये तुमच्या कोडवर 'हे असे का?' असे लिहिले तोच तुमचे मूल्यमापन लिहायला बसतो. मग मार्चमधला तो प्रश्न प्रश्न म्हणून ऐकू येत नाही. तो ताशेरा वाटतो, आणि पुष्कळ जण उत्तर देण्याऐवजी मुकाट्याने कोड बदलून टाकतात. आमच्या वरच्या हिशेबात असे झाले असते तर त्या बाईंनी चार पैसे निमूटपणे शेवटच्या हप्त्यात नेले असते. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ सालच्या आपल्या पुस्तकात अहंकारविरहित प्रोग्रामिंगचा आदर्श मांडला: कोड हे स्वतःचे अंग समजू नये, इतरांनी त्यातले दोष काढावेत, त्याने कोणी लहान होत नाही. आदर्श सुरेख आहे. पण रिव्ह्यू करणाऱ्याच्या खिशात तुमचे अप्रेझल असताना तो आचरणे कठीण.

लीडने थोडा का होईना कोड स्वतः लिहावा, या मताला आम्ही येऊन ठेपलो ते या वाटेने. त्याने लिहिलेले टीमपुढे रिव्ह्यूला गेले पाहिजे, म्हणजे त्यालाही कोणीतरी 'का?' विचारू शकेल. हुद्दा काढून ठेवता येत नाही. प्रश्न मात्र दोन्ही दिशांनी वाहू शकतो. एकदा दुसऱ्याच वर्षातल्या एका मुलाने आमच्या कोडमधल्या एका नावाला हरकत घेतली. उरलेल्या रकमेला आम्ही 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हटले होते; त्याचे म्हणणे, हिशेब खात्यात या शब्दाला वेगळा अर्थ आहे. आमचे म्हणणे, या फायलीत तो अर्थ येण्याचा संभवच नाही. दोन दिवस लेखी वाद चालला, सगळी टीम वाचत होती, आणि शेवटी दोघांनाही फारसे न आवडलेले तिसरे नाव ठरले. त्यानंतरच्या महिन्यात इतरांच्या रिव्ह्यूमधल्या उत्तरांची लांबी वाढली, असे आम्हांला दिसले.

नेता आणि कारागीर यांची ओढाताण आमच्या क्षेत्रातल्या थोरांच्याही वाट्याला आली आहे. २०१८ हे वर्ष त्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. लिनक्सचे जनक टॉरव्हाल्ड्स यांनी आपण आता फारसा कोड लिहीत नाही, इतरांचा वाचतो आणि सामावून घेतो, असे स्वतःच सांगितले आहे. वाचकाचे ते तिखट वाचन जगजाहीर होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी आपल्या ईमेलमधील भाषेबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे काम थांबवले आणि ऑक्टोबरात ते परतले. त्याच वर्षी जुलैमध्ये पायथॉन या भाषेचे जनक खिदो व्हान रोसम यांनी भाषेविषयीच्या निर्णयांचा अंतिम अधिकार सोडला. निमित्त होते भाषेत एक नवे चिन्ह आणण्याच्या प्रस्तावाचे, ज्यावर झालेल्या वादाने ते थकून गेले होते. पुढच्या वर्षी पाच जणांचे निवडून आलेले मंडळ कारभार पाहू लागले. व्हान रोसम मात्र घरी बसले नाहीत. २०२० च्या नोव्हेंबरात ते मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाले आणि तेथे पायथॉनचा वेग वाढवण्याच्या कामात सामील झाले. २०२२ साली आलेली ३.११ ही आवृत्ती आधीपेक्षा लक्षणीय वेगवान होती. हुद्दा गेला, हात राहिला. वादावर तडजोडीने निर्णय देण्यापेक्षा प्रोग्राम वेगवान करणे त्यांना सुखाचे गेले असावे, असे आम्ही आपले समजून चालतो.

आमच्या पातळीवर या साऱ्याचा अर्थ फार साध्या गोष्टींत उतरतो. ज्यावर रिलीजची तारीख अवलंबून आहे असे काम लीडने स्वतःकडे घेऊ नये, कारण संध्याकाळचा एखादा कॉल लांबला की सगळी टीम त्याच्यासाठी खोळंबते. आम्ही चाचण्यांची साधने घेतो, कोणाला नको असलेले जुने बग घेतो, वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या फायली वाचून त्यांवर टिपणे लिहितो. मंगळवार आणि गुरुवार सकाळी आठ ते साडेदहा, टीम येण्याच्या आधी. आणि जे काम आम्ही दोन तासांत करू ते एखादा दोन दिवस करत असेल, तर त्याच्या हातून ते ओढून घ्यायचे नाही. मागे हात बांधून उभे राहायचे. ही शिस्त आम्हांला कोणत्याही प्रोग्रामिंग भाषेपेक्षा जड गेली. हानीही सांगितली पाहिजे. नव्या गोष्टी आमच्या हातून उशिरा शिकल्या जातात. ज्या एकतानतेत पूर्वी रात्र कशी सरली हे कळत नसे, ती अडीच तासांत लागते न लागते तोच हिंजवडीच्या वाहतुकीतून वाट काढत टीम येते.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे वळण आले आहे. २०२१-२२ पासून कोड सुचवणारी यंत्रे आली, आणि आता पहिल्या वर्षाचा मुलगाही स्वतः थोडे लिहितो, यंत्राकडून पुष्कळ लिहवून घेतो. म्हणजे जो प्रश्न लीडच्या वयाला येऊन पडत असे तो नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे आहे: दुसऱ्याने लिहिलेले वाचून त्याची जबाबदारी घेणे. मध्यंतरी एका रिव्ह्यूत आम्ही 'का?' विचारले, तर उत्तर आले, "त्याने तसं सुचवलं." मुलगा प्रामाणिक होता. पण नाउर यांची उपपत्ती त्या क्षणी कोणाच्याच डोक्यात नव्हती. आणि 'ब्लेम'मध्ये नाव मुलाचे होते. आम्ही त्याला खुर्ची ओढायला सांगितली आणि दोघांनी ती चाळीस ओळींची गोष्ट पहिल्यापासून वाचली. त्यात वावगे काही निघाले नाही. तास गेला. तो तास कोणत्या खात्यावर टाकावा याची सोय वेळपत्रकात नाही, म्हणून 'मीटिंग' असे लिहिले.

दोन वर्षांपूर्वी आम्हांला चाळीस माणसांचा गट देऊ करण्यात आला. पगार बराच वाढत होता. अट अशी नव्हती, पण चाळीस माणसांच्या अप्रेझलांचे आणि संध्याकाळच्या कॉलांचे गणित मांडल्यावर मंगळवार-गुरुवारच्या सकाळी उरत नव्हत्या. घरी चर्चा झाली. घराचे हप्ते अजून होते, मुलीची बारावी होती. आम्ही आठ माणसांपाशीच राहतो असे कळवले. वरिष्ठांना ते विचित्र वाटले आणि त्यांनी ते लपवले नाही. ती जागा आमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याकडे गेली. ते माणसे सांभाळण्यात आमच्याहून निपुण आहेत. त्यांच्या गटातून सोडून जाणारे कमी आहेत, आणि ते कोड लिहीत नाहीत. आमच्याकडे कोणी कोणाला 'सर' म्हणत नाही, पण आमच्या रजेचा अर्ज आता त्यांच्याकडे जातो. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारले, की मंगळवारी सकाळी तुम्ही कोणाचा कॉल घेत नाही, त्या वेळी नेमके काय करता. आम्ही रिव्ह्यूला आलेला एक कोड उघडला. त्यांनी दोन मिनिटांसाठी म्हणून खुर्ची ओढली. तिसऱ्या फायलीपाशी त्यांनी पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे इथे का आहे?"